पांढऱ्या डागाची तब्येत

ती. काकूंस शिरसाष्टांग नमस्कार.

तुमची कंबर कशी आहे? काका अजून वर्तमानपत्र मोठ्याने वाचतात का? (वाचत असतील आणि तुम्ही उठून दुसऱ्या खोलीत जात असाल, तर कंबर बरी आहे असं मी समजतो.) मी ठीक आहे, फक्त कानात अजून थोडा समुद्र आहे. त्याचं असं झालं. ड्रोनने वरून काढलेले फोटो जोडून मी समुद्राखालच्या प्रवाळाचा नकाशा रंगवतो, हे तुम्हाला ठाऊकच आहे (तुमच्या अंगठीतल्या पोवळ्याचं ते माहेर). धडधाकट प्रवाळ तपकिरी, बिघडलेलं पांढरं. गेल्या सोमवारी नकाशाच्या कोपऱ्यात अंगणाएवढा पांढरा डाग उमटला. साहेबांनी पाहिलं न पाहिलं आणि 'मेलं' असा शेरा मारला. मेलेल्या भागाला पहारा मिळत नाही. राखणीची होडी उठली, की तिथे जाळी आणि नांगर पडलेच म्हणून समजा. मी तो डाग पुन्हा पुन्हा मोठा करून पाहिला, काही कळेना. शेवटी पाण्यात बुडी मारून पाहणी करणाऱ्या बाईंना गाठलं (सगळे त्यांना बुडीबाई म्हणतात). त्या म्हणाल्या, "फोटो बघून कुणी मेल्याचा दाखला देतं का रे? चल, नाडी बघू."

काकू, मी पाण्यात उतरलो! मुखवटा उलटा लावला होता, तो सुलटा करेपर्यंत निम्मा समुद्र पोटात गेला. आणि मग एकदम सगळं शांत झालं. खाली पांढऱ्या फांद्यांचं रान, त्यावर वरून झिरपलेलं ऊन डुलत होतं. लहानपणी तापात अंथरूण तरंगतंय असं वाटायचं ना, अगदी तसं. पाहुण्याचं सामान न्याहाळावं तसे मासे माझी बोटं न्याहाळून जात होते. बुडीबाईंनी एका फांदीकडे खूण केली. जवळून पाहिलं, तर इवल्या इवल्या छिद्रांतून केसाएवढे, काचेसारखे हात हळूहळू हलत होते. रंग गेला होता, जीव गेला नव्हता. पाणी फार तापलं की रंग जातो, वेळेत निवलं तर परततोही, म्हणे. मी मुखवट्याच्या आत रडलो (रडायला समुद्रासारखी सोयीची जागा नाही, कुणी विचारत नाही).

बुडीबाईंनी तिथले फोटो साहेबांच्या टेबलावर ठेवले. साहेबांनी ते एकेक करून पाहिले. मग स्वतःच्या हातानेच 'मेलं' खोडून त्यांनी 'आजारी' लिहिलं. होडी राहिली.

काकांना नमस्कार.

तुमचा पुतण्या

ता. क. : वर 'उतरलो' असं लिहिलंय. खरं म्हणजे बुडीबाईंनी मागून ढकललं.

आणखी ता. क. : आता दर आठवड्याला जायचं कबूल करून बसलोय. आईला वाटतं, मी दिवसभर खुर्चीत असतो. ती ऐकते फक्त तुमचं, तेव्हा तुम्हीच सांगा. पाणी गुडघाभरच असतं म्हणा. कुणाच्या गुडघाभर, असं तिने विचारलं तर फोन ठेवून द्या.