फंडाचे पैसे कुणाच्या हाती

बाबा, मी निवृत्त झाले. फंडाचे पैसे बँकेत येऊन पडलेत आणि ते कुणाच्या हाती द्यायचे हे ठरवता ठरवता तुमच्या आठवणीने जीव नुसता कासावीस होतोय. हल्ली अशा कंपन्या निघाल्या आहेत, आपल्यासारख्या बऱ्याच जणांचे पैसे एकत्र करून दुकानं, ऑफिसं घेतात आणि भाड्यातला वाटा आपल्याला देतात. म्हातारपणाची सोय. त्यातल्या दोन मी बघून आले.

पहिल्या ठिकाणच्या मुलाने पाणी दिलं, काकू म्हणाला, निघताना चक्क वाकून नमस्कार केला. मी तडक बाहेरच पडले. तुमच्या बिल्डरनेही अस्साच केला होता ना? नारायण पेठेतल्या आपल्या भाड्याच्या दोन खोल्यांत बसून त्याने आईच्या हातचे पोहे खाल्ले आणि तुम्ही घरासाठी सगळा फंड त्याच्या हवाली केलात. मुलगा संस्कारी आहे म्हणे! शहराबाहेर मांजरी गावात पाया खणून झाला आणि संस्कारी मुलगा गायब. तरी तुम्ही दर रविवारी बसने जाताय, उसाच्या कडेला त्या खड्ड्यापाशी उभे राहताय, घरी येऊन आईला सांगताय, "काम सुरू होईल गं." ओट्याला खिडकी हवी, एवढंच तिचं मागणं होतं. अंधाऱ्या स्वयंपाकघरातच तिचा जन्म सरला. ती गेली, मागोमाग तुम्ही. त्या नमस्काराचा मला अजून राग येतो.

दुसऱ्या ठिकाणच्या बाई खास आपल्याकडच्या. बसासुद्धा म्हणाल्या नाहीत. कंपनी बुडाली तर माझ्या पैशांचं काय, असं विचारलं, तर कागद पुढे सरकवून म्हणाल्या, वाचता येतं ना, मग वाचा. पैसे कंपनीकडे नसतात, वेगळ्या विश्वस्तांकडे असतात, असं त्यात होतं. आणि तरीही सगळे घालू नका, हेही त्यांनीच मला सुनावलं. इतकं हायसं वाटलं म्हणून सांगू! तिथेच द्यायचे ठरवले. सही करणार, तेवढ्यात त्यांनी विचारलं, "तुम्हाला भाडं हवंय की घर? घर हवं असेल तर आमच्याकडे येऊ नका. राहणार किती जण?"

भाडंच हवंय, म्हटलं, आणि सही केली. हे पत्र कुठे टाकायचं नाहीये, म्हणून तुम्हाला सांगते. तिघं, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं.