घट्ट अंबाडा

आये, तुझे केस का गेले ते मला आता नीट कळलंय. करणी नव्हती, खारं पाणी नव्हतं, आणि जिला तू मरेपर्यंत शिव्या घातल्यास त्या शेजारणीची नजरही नव्हती. ते तूच उपटलेस. रोज सकाळी, आरशासमोर, दातओठ खाऊन.

अजून डोळ्यासमोर आहे: रेवदंड्याच्या मासळीबाजारात तू आणि ती शेजारीण जागेवरून भांडताय. तिची पाटी तुझ्या जागेत सरकली आहे. "उचल गो, न्हायतर पाटीसकट खाडीत टाकीन." "टाक की! तुज्या बापाचा बाजार हाय काय?" तू तिला ढकलतेस, ती चिखलातून उठते आणि तुझा अंबाडा धरते. अंबाडा तिच्या हातात येतो, खोट्या केसांच्या गंगावनासकट, आकड्यांसकट, आणि त्यात अडकलेले तुझे उरलेसुरले केस, मुळाशी रक्त लागलेले. कानशिलांवरून मागे गेलेलं तुझं गुळगुळीत कपाळ अख्ख्या बाजाराला दिसतं. "बगा गो, बोडकी!" ती ओरडते. नवरा जिवंत असलेल्या बाईला बोडकी! तुझ्या हाती पाटीतला शिंगाळा मासा आला. लोक सुरमई सांगतात, ते खोटं आहे. शिंगाळाच होता, आणि त्याचा विषारी काटा अजून मोडलेला नव्हता. तू तो तिच्या तोंडावर हाणलास, पुन्हा पुन्हा, गाल फाटेपर्यंत. सोडवायला आलेल्या बाईच्या मनगटाला चावलीस. घरी बाबा डोक्याला हळद लावायला आले तर त्यांचाही हात झटकलास. आणि दुसऱ्या दिवशी नवं गंगावन, जाळ्याच्या नायलॉन दोऱ्याने आवळलेलं, इतकं की भुवया वर ओढल्या जायच्या. टक्कल झाकायला आवळायचीस आणि आवळल्याने टक्कल वाढायचं.

मी बोटींची इंजिनं उघडून उघडून शिकलो, कुणाच्या हाताखाली नाही. ताण मला कळतो. सारखा ताणलेला दोर बांधल्या जागीच झिजतो. म्हणून तुझ्या नातीचं कपाळ मी डॉक्टरच्या आधी ओळखलं. ती अलिबागला पार्लरमध्ये कामाला आहे. विकतचे केस चिकटवून, सगळं ओढून डोक्यावर शेंडी बांधते. परवा दारातल्या उन्हात तिच्या कानशिलांची कातडी चमकली आणि माझं डोकं फिरलं.

"सोड ते आधी."

"पप्पा, गिऱ्हाईक आमच्याकडं बगून येतं. तुमी तुमचं इंजिन बगा."

"टकली होशील!"

"होऊ दे! माजं डोकं हाय!"

माझ्या हातात पाना होता. तो मी आरशावर घातला. काच खळकन खाली आली. तिने केस वाळवायचं यंत्र भिरकावलं, ते नेमकं माझ्या भुवईवर बसलं. रक्त डोळ्यात उतरलं तेव्हा तीच किंचाळली, आणि रडत, मला शिव्या देत, रिक्षाने दवाखान्यात घेऊन गेली.

टाके घालता घालता डॉक्टरीणबाई तिच्याकडेच बघत होत्या. दोरा कापला आणि तिला उजेडात बसवलं. म्हणाल्या, हे ओढून बांधणं आजपासून बंद. बारीक लव अजून आहे, म्हणजे बरेच केस परत येतील, पण महिने लागतील. कातडी अगदी गुळगुळीत झाली की मग येत नाहीत. रक्तही तपासू, लोह आणि थायरॉइड. बायकांचे केस एकाच कारणाने जात नाहीत. पोरीने तिथेच, माझ्यासमोर, शेंडी सोडली. चिकटवलेले केस काढताना ओठ चावत होती. आता सैल वेणी घालून कामावर जाते. कुणी कपाळाकडे बघितलं तर विचारते, "काय, फोटो काडू?"

हे तुला वेळेवर कुणी सांगितलं नाही, असं मी लोकांना सांगतो. पण तू आज समोर असतीस तरी माझी छाती झाली नसती. तू हातात येईल ते माझ्या तोंडावर मारलं असतंस आणि अंबाडा आणखी आवळला असतास. पन्नाशी आली, आये, मी अजून तुला घाबरतो. म्हणून हे तू नसतानाच बोलतो.