अगडबंब माणसांची नावं आणि माझी मिळकत

मी, प्रेमानंद दयाराम हिवराळे, वय सव्वीस, शिक्षण आठवी नापास, मूळ गाव अमडापूर, ता. चिखली, जि. बुलढाणा, हल्ली मुक्काम डिमोना, इस्रायल. डोकं ठिकाणावर आहे, कोणी हात धरून लिहवत नाही. लढाई लागली, क्षेपणास्त्रांचे सायरन वाजून राह्यले म्हणून लिहून ठेवतो.

गावातली दोन खोल्यांची जागा आणि बँकेत जे असल ते बहीण समता हिचं. आई अन्नपूर्णा तिथंच राहील. कारभारीकाकानं त्यात पाय ठेवू नये. माझी उंची वाढली तर त्यानं साऱ्या गावात मले 'ताडमाड्या' करून टाकलं. तरी मोटरसायकल त्यालेच द्या. गुडघे दुखतात त्याचे.

इथं मी एलिझर आवासकर आजोबांची सेवा करतो. ते कोकणातले यहुदी, मराठी बोलतात. जुन्या यहुदी ग्रंथांतल्या अगडबंब माणसांच्या नावांचे अर्थ लावणं हा त्यांचा नाद. चार कामं सोडून पळालेला मी, या नादापायी टिकलो. नेफिलीम म्हणजे पडलेले, का पाडणारे? एमीम म्हणजे धडकी भरवणारे. झमझुमीम म्हणजे गुणगुणणारे, असं काही म्हणतात. खात्री कोणालेच नाही.

"ही शेवटची दोन नावं शेजाऱ्यांनी ठेवलेली," आजोबा म्हणाले. "स्वतःला ते काय म्हणत, कुणी लिहून ठेवलं नाही."

मी लोणारच्या लोणासुराची गोष्ट सांगितली. देवानं राक्षस मारला, तिथं तळं झालं. त्यांनी विचारलं, "त्याची आई त्याला काय हाक मारायची रे?"

आमच्याकडं हे कोणी विचारलंच नव्हतं. त्या विचारात मी भाजी जाळली.

मी गेलो तर आमच्या रीतीचा जलदान विधी करा, आणि आजोबांच्या रीतीचा मलिदाही करा: गोड पोहे, ओलं खोबरं, फळं. उपकार मानायचे असले की त्यांच्यात तो करतात. मले मानायचे आहेत.

मे महिन्यात कामाची मुदत संपली. एजन्सीनं परतीचं तिकीट दिलं, मी नाही म्हटलं. सायरन सुरू झाले तसा आईचा फोन आला.

"काऊन बे, जीव जास्तीचा झाला का?"

"सायरन वाजला का खाली तळघरात जा लागते. त्याहिले पायऱ्या उतरता येत नाही, माय."

"मंग उचल त्याले!"

"उचलतोच. पण ग्रंथ घेतल्याबिगर हालत नाहीत."

ती हसली, अन् फोन ठेवून देल्ला.

म्हणून स्पष्ट लिहितो: मले काही झालं तर आजोबांले कोणी बोल लावू नये. राह्यलो तो माझ्या मनानं.

साक्षीदार म्हणून पहिली सही त्यांचीच घ्यायची होती. त्यांनी सगळं वाचलं आणि पेन खाली ठेवला.

"ह्यावर सही केली तर तुझ्या मरणाला मी हो म्हटल्यासारखं होईल. मी नाही करत."

म्हणून सह्या दुसऱ्यांच्या घेतल्या.

साक्षीदार:
१. धवल तायडे, मूळ राहणार मलकापूर, माझ्यासारखाच कामावर (सही)
२. रिबेका नागावकर, शेजारीण (सही)

लिहून देणार: प्रेमानंद दयाराम हिवराळे (सही)
ठिकाण: डिमोना, तिसरा मजला
दिनांक: १७ जून २०२५