घाटाच्या अलीकडे उभी गाडी

प्रिय प्राची,

पाकिटावर माझं अक्षर पाहून तू घाबरली असशील. रोज फोन होतो, मग पत्र कशाला, असंही मनात आलं असेल. आपल्या घरात फोनवर बोलायचं म्हणजे सगळ्यांसमोर बोलायचं. आई भाजी निवडता निवडता मधेच तोंड घालते, आणि रामच्या खोलीला तर दारच नाही. त्याची चाकाची खुर्ची जावी म्हणून आपणच ते काढून टाकलं. आज त्याच्या गोळ्या घ्यायला मलकापूरला आलोय, तर बसस्टँडच्या बाकावर बसून लिहून घेतो. इथून फोन करता आला असता, पण ऐन वेळी मी दुसरंच काहीतरी बोलून फोन ठेवून देतो. घरी, मोताळ्याला जाणाऱ्या दोन गाड्या सोडल्या, तिसरीही सोडावी लागेल असं दिसतंय. मुद्द्यावर यायला मला किती वेळ लागतो, ते तुला माहीत आहे.

दसऱ्याला रामचा कॉम्प्युटर बंद पडला, एवढं तुला सांगितलं होतं. तू पहिल्या पगारातून तो घेऊन दिलास तेव्हा आपला राम बारा वर्षांचा होता आणि त्याचं चालणं सुटून सहा महिने झाले होते. आता नऊ वर्षं झाली. पायांनंतर हात वर उचलणं गेलं. आता उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं एवढंच त्याच्या हुकमात आहे, पण तेवढ्यावर तो कॉम्प्युटरवरच्या गाड्या चालवायच्या खेळात लाल एसटी चालवतो. मी तीस वर्षं डेपोत त्याच गाड्यांखाली पडून काढली, पण चालवायची परवानगी मला आवारापुरतीच. माझा मुलगा मात्र खुर्चीत बसून ती कुठल्याही डोंगरात नेतो आणि वळणावर हॉर्न द्यायला कधी विसरत नाही. मी शेजारी बसतो, तो मला तिकीट काढायला लावतो.

कॉम्प्युटर कशाने बंद पडला, ते सांगितलं नव्हतं. गरम होतो म्हणून उन्हाळ्यापासून त्याच्या कॅबिनेटची एक बाजू उघडीच होती. दसऱ्याला आईने माझे पाने, तिची विळी, शिलाई मशीन सगळ्यांची पूजा केली आणि शेवटी ती कॉम्प्युटरकडे वळली. रामने तिला कधीतरी सांगितलं होतं की चित्र दिसतं ते या ग्राफिक्स कार्डामुळे. झालं. तिने त्या कार्डाच्या पंख्यालाच ओलं कुंकू लावलं आणि त्यावर अक्षता चिकटवल्या, अगदी मनापासून. दुपारी रामने गाडी काढली, दहा मिनिटांत पडद्यावर रंगीत चौकटी आल्या, जळका वास सुटला आणि सगळं काळं झालं.

डेपोतले आपले कलीम वेल्डर आठवतात ना, त्यांच्या मुलाचं, नजीरचं इथे कॉम्प्युटरचं दुकान आहे. त्याने कार्ड उलटं केलं तर पात्यांत कुंकवाने लाल झालेले दोन तांदूळ. त्याने ते चिमट्याने काढून माझ्या तळहातावर ठेवले. मग म्हणाला, “काका, काकूले सांगा धुळीनं गेलं. तसंबी म्हातारं झालतंच ते.” घरी येऊन मी रामला हळूच खरं सांगितलं, तर त्याला वास आल्याबरोबरच कळलं होतं, आणि आईला धुळीचं कारण त्याने माझ्याआधीच सांगून टाकलं होतं. एकमेकांपासून गोष्टी लपवण्यात आपल्या घरातले सगळे असे तरबेज आहेत.

मग प्रश्न आला नवीन कार्ड कोणतं घ्यायचं. मला वाटलं होतं, बल्ब गेला की बल्ब आणावा तसं असेल. पण हे जुन्या गाडीत नवं इंजिन बसवण्यासारखं निघालं. कार्ड मोठं घेतलं तर वीज पुरवणारा एसएमपीएस पुरत नाही, तो बदलावा तर बाकीचा कॉम्प्युटर मागे पडतो, शिवाय लांबी बसते की नाही ते वेगळंच. रामने वर्षभर वहीत यादी केली होती, म्हणजे त्याने सांगायचं आणि आईने लिहायचं. तिच्या त्या गोल गोल अक्षरात कार्डांची नावं वाचताना मला हसू येतं. एका नावाभोवती त्याने तिच्याकडून दोनदा गोल करून घेतला होता. कुण्या हौशी पोरांनी त्या खेळात आपला राजूर घाट बनवलाय, मोताळ्याच्या स्टँडपासून थेट बुलढाण्यापर्यंत, आणि तो नीट दिसायला ते कार्ड लागतं. जुन्या कार्डावर रस्ता तुटक तुटक यायचा, झाडं तर उगवायचीच नाहीत. तुला आठवत असेल, बुलढाण्याला दवाखान्यात नेताना तो खिडकीशी बसायचा, तू त्याला मागून धरून ठेवायचीस आणि घाटात दर वळणाला तुम्ही दोघं मिळून एका बाजूला झुकायचात. कंडक्टर रागवायचा आणि मी खिडकीबाहेर बघायचो, जसे काही तुम्ही माझे कोणी नव्हतातच.

नजीरकडे दोन कार्डं होती. एक वहीतलं, कोरं करकरीत. दुसरं वापरलेलं, आहे त्या कॅबिनेटमध्ये मुकाट बसणारं, पण नजीरच्या भाषेत वर्षभराचा सोबती. दुकानातूनच रामला फोन लावून दोन्हींबद्दल सांगितलं. मला वाटलं, वर्षभर ज्याचा ध्यास घेतला ते नाव तो एका दमात सांगेल. पण तो म्हणाला, “बाबा, जुनंच घ्या. वर्सभर चाललं तरी लय झालं.”

प्राची, आता मुद्द्यावर येतो. गणपती बसले त्या आठवड्यात आम्ही त्याला संभाजीनगरला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं होतं. सगळं आहे तसंच आहे, फक्त एक गोळी वाढवली, असं मी तुम्हाला सगळ्यांना सांगितलं. ते खोटं होतं. राम आणि आई बाहेर बसले असताना डॉक्टर मला म्हणाले की आता हृदयाचे स्नायूही थकलेत, फार तर वर्ष, आणि छातीत कफ धरला तर तेवढंही नाही. महिनाभर ते मी एकट्याने पोटात ठेवलं. आणि तो तिकडून, भाजीचा भाव सांगावा तसा, माझाच आकडा मला सांगत होता. नव्या गोळीचं नाव त्याने त्याच कॉम्प्युटरवर शोधलं असणार. हे मला आधी कसं सुचलं नाही, याचंच मला राहून राहून नवल वाटतं.

नजीरला यातलं काही ठाऊक नव्हतं. प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारतो तेच त्याने मला विचारलं, “काका, किती वर्स चालवाचं हाय? सारं त्याच्यावरच हाय.” मी ते वापरलेलं कार्ड त्याच्याकडे परत सरकवलं. मग म्हटलं, नवंच दे, सात वर्षं चाललं पाहिजे. सात तर आरामात चालेल, असं म्हणून त्याने सोबत मोठा एसएमपीएस काढला आणि तो खोकं पुसायला लागला. वेडेपणा होता, मला कळतं. पण स्वतःच्या मुलासाठी एका वर्षाची वस्तू मांडीवर घेऊन मी घरापर्यंत कसा आलो असतो, तूच सांग.

घरी आल्यावर माझा दुसरा वेडेपणा उघडा पडला. जन्मभर गाड्यांची मापं घेणारा माणूस मी, पण कॅबिनेट बाहेरूनच मोजून गेलो होतो. आत हार्डडिस्कचा पत्र्याचा पिंजरा आडवा, आणि कार्ड तीन बोटं जास्त लांब. शेवटी लोखंड कापायची करवत काढली. राम खुर्चीतून सूचना देत होता, आधी सगळे भाग बाहेर काढा, लोखंडाचा बुरा आत पडला तर सगळं गेलं. पिंजरा कापला, कानस मारली आणि कार्ड बसवलं. आई कुंकवाची वाटी घेऊन आलीच. टिळा लावला की गॅरंटी जाते, असं रामने तिला गंभीर चेहऱ्याने सांगितलं, म्हणून तिने तो रिकाम्या खोक्याला लावला. ती आत गेल्यावर तो मला म्हणाला, “बाबा, एवढ्या वर्साचं काऊन आणलं?” मी डोळ्यात बुरा गेल्याचं सोंग करून चष्मा पुसत बसलो. “राहू द्या,” तो म्हणाला, “उरली वर्सं तुम्ही चालवजा.”

घाट आता हुबेहूब दिसतो, झाडांसकट. पण राम अजून तो चढलेला नाही. पाच दिवस झाले, रोज मोताळ्याच्या स्टँडवर गाडीत बसतो, इंजिन चालू करतो, मला आरसे बघायला लावतो आणि बंद करतो. विचारलं तर म्हणतो, “ताईले येऊ द्या. तिच्याबिगर घाट नाही चढत मी.” तू दिवाळीला येणार असं तो धरून बसलाय. तुला आता रजा नाही आणि मे महिन्यात पंधरा दिवस सलग येणार, हे मला त्याला सांगता आलेलं नाही. काल हॉर्नचं बटण दाबायला त्याला तीनदा प्रयत्न करावा लागला. साहेबांना काय सांगायचं ते तू ठरव. आईला मीच सांगेन, पण तू शेजारी असताना, एकट्याने मला ते जमायचं नाही. एवढ्यासाठीच हे पत्र लिहिलं. ती गाडी मे महिन्यापर्यंत स्टँडवर उभी राहणार नाही, बाळा. दिवाळीला ये.

वाटेकडे डोळे लावून बसलेला,
तुझाच
बाबा