मरळ अंडी कुठं घालते

तीर्थरूप बाबा,

तुम्हाले आन् आईले रंजूचं पाया पडनं.

मी बरी आहो. मेसच्या भाजीत तिखट नसते, पण पोट भरते. फोनवर सारं बोलता येत नाही, म्हणून लिहून राहिली. आईचा गुडघा कसा आहे?

बाबा, मी कॉम्प्युटरचा कोर्स सोडला. जीवशास्त्र आन् इतिहास, दोन्ही संगं घेतले. इथल्या कॉलेजात तसं चालते. पोरगी काय बनन, असं कोणी विचारलं तं "शिकून राहिली" एवढंच सांगा. नोकरीचं नाव मलेच अजून माहीत नाही. राग आला असन तं मनात ठेवू नका.

काल दोन्ही विषयांच्या मॅडम एकाच वर्गात होत्या. तलावातले गावरान मासे कमी काहून झाले, असं त्यायनं विचारलं. मी म्हटलं, "तलावातलं गवत गेलं. मरळ गवतातच अंडी घालते."

"कुठं वाचलंस?"

"माह्या बाबानं सांगतलं. ते मासे धरतेत."

हे सांगताना पहिल्यांदा मले लाज नाही वाटली. मॅडमनं फळ्यावर तुमचं नाव-गाव लिहिलं, 'तुलाराम, दिघोरी'. मंग एका पोरीनं विचारलं, "त्यांना कसं कळलं?"

इतकी वर्षं तुमच्यासंगं तलावावर आली, पण हे कधी विचारलंच नाही.

आता विचारून राहिली. तुम्हाले कोणी दाखवलं, तुम्ही सोता काय पाहिलं, सारं लिहा. अक्षराची फिकर करू नका, मले तुमचं अक्षर लागते.

तुमची,
रंजू