कपाटावरची बंदूक

धम्मदीप,

प्रीतीला घेऊन मी कुळगावला आईकडे जातेय. दुपारी कपडे वाळत घालून आत आले, तर प्रीती तुझी बंदूक ओढत दारात उभी. म्हणते, "मम्मी, मी पप्पांसारखी ड्युटीला चालले!"

कपाटावर तिचा हात पोचत नाही म्हणायचास ना? तिने स्टूल घेतलं. आत गोळ्या आहेत आणि मला त्या काढता येत नाहीत. म्हणून बंदूक तशीच कपाटात ठेवून कुलूप लावलंय.

गोळ्या वेगळ्या ठेव, कुलपाची पेटी आण, सांगून सांगून थकले. तुझं एकच, "बघतो ना, टेन्शन कशाला घेतेस?"

आता आधी पेटी भिंतीत बसवून घे, मग चावी न्यायला ये. प्रीतीवर ओरडू नकोस. तिला वाटतंय, पप्पा ऐकून खूश होतील.

भावना