सव्वाशे पौंड

प्रिय व्होनी,

रविवारी फोन ठेवताना मी तुला म्हटलं की शेगडीवर दूध आहे, उतू जाईल. दूध नव्हतं. आमच्याकडे संध्याकाळी पाचनंतर शेगडी बंदच असते, निदान माझ्यापुरती. तुझ्या एका वाक्यानं मला घाम फुटला होता आणि ते तुला कळू द्यायचं नव्हतं, म्हणून दुधाचं नाव पुढे केलं. आज मंगळवार. ड्वेन बर्फ उपसायला बाहेर गेलाय, म्हणजे फावडं टेकून शेजारच्या हॅरल्डशी गप्पा मारायला गेलाय. तास-दीड तास तरी परत येत नाही. तेवढ्यात लिहून टाकते. तू पाठवलेली संत्र्यांची पेटी पोचली. एक सोललं, अर्धं मी खाल्लं, अर्धं ड्वेनला दिलं. तू म्हणशील, संत्र्याचंसुद्धा अर्धं? तेच सांगायला बसलेय.

गेली तेरा वर्षं मी दर गुरुवारी सकाळी साडेनऊला चर्चच्या तळघरात वजन करून घ्यायला जाते. तुला मी सांगितलं होतं की गोधड्या शिवायला जाते. गोधड्यावाल्या बायका बुधवारी असतात. आमच्या मंडळात अकरा बायका आणि एक निवृत्त पोस्टमन आहे, आणि प्रमुख आहे बेव्ह. तीच ती, आपल्या शाळेची बस चालवणाऱ्या रॉयची मुलगी. लहान मुलांच्या रविवारच्या वर्गातला पडदा आडवा लावायचा, मागे काटा. वजन उतरलं की टाळ्या. वाढलं की उभं राहून कारण सांगायचं. तेवढंच राहिलं तर कापडाचं हिरवं कासव छातीवर लावून आठवडाभर हिंडायचं. मी ते कासव किराणा दुकानात मिरवलंय. बाहेर उणे वीस असलं तरी कोटाच्या आत मी तोच एक पातळ सुती झगा घालते, कारण तो सगळ्यांत हलका. ड्वेन त्याला माझा ऑपरेशनचा झगा म्हणतो. कानातलं काढायचं, पिना काढायच्या, मी तर चष्मासुद्धा काढते. मग आकडा मला दिसत नाही आणि बेव्हनं वाचला की मला कळतो.

तू हसत असशील. हस, मीही हसायचे. पण पहिल्या वर्षी मी जिना चढताना मध्येच बसत होते, ते हसण्यासारखं नव्हतं. मी गेले तेव्हा काटा एकशे अठ्ठ्याण्णववर होता. मंडळानं माझं भलं केलं, हे खरंच आहे. भानगड वेगळीच आहे, आणि ती पहिल्याच दिवशी मी आपल्या हातानं करून ठेवली.

आमच्याकडे नव्या माणसानं आपला आकडा ठरवायचा असतो, म्हणजे कुठल्या वजनाला पोचायचं तो. त्यात बेव्हचा एक नियम आहे. स्वप्नातला आकडा चालत नाही. ज्या वजनाचे तुम्ही एकदा तरी होता, तेच लिहायचं, आणि कागद दाखवायचा. तिचं म्हणणं, "कुठल्यातरी मासिकातल्या बाईचं वजन लिहाल आणि मग रडत बसाल. तुम्हाला नवीन कुठं जायचं नाहीये, आपल्याच घरी परत जायचंय." कुणी सैन्यातून सुटल्याचा कागद आणतं. पर्लनं, ती बेकरीवाली, पहिल्या बाळंतपणाच्या आधीचं दवाखान्याचं कार्ड आणलं होतं, पन्नास वर्षं जपलेलं. मी घरी येऊन सगळे खण उपसले. माझ्या वजनाचा कागद जगात एकच निघाला, माझं पहिलं ड्रायव्हिंग लायसन्स. त्यावर लिहिलं होतं, सव्वाशे पौंड.

इथं लायसन्सवर खरं वजन कोण लिहितं, हे पोरासोरांनाही ठाऊक आहे. पोस्टमन म्हणालाही, "अहो, त्या हिशेबानं माझी बायको अजून वीस वर्षांची आणि वाऱ्यानं उडून जाईल अशी आहे." सगळे हसले. मीही हसून विषय सोडून देणार होते. तेवढ्यात बेव्ह म्हणाली, "ते तुझ्या बायकोचं. अर्डिसचं तसं नाही. पंचवीस वर्षं शाळेचं ग्रंथालय सांभाळलंय तिनं, खोटं कसं बोलतात ते तिला शिकवावं लागेल." आणि तिनं माझ्या नावापुढे शाईनं सव्वाशे लिहिलं. आकड्यावर डॉक्टरांची सही लागते. डॉक्टर हेगन तेव्हा ऐंशीला टेकले होते, त्यांनी न बघता केली.

तो लायसन्सचा दिवस तुला आठवतो का? एकाहत्तरचा जून. दोन फेऱ्यांचं पेट्रोल कशाला, म्हणून डॅडनं आपल्या दोघींना एकाच दिवशी नेलं, तू साडेसतराची, मी सोळाची. डॅड बाहेर पिकअपमध्ये झोपले. आत एकच खिडकी, तू पुढे, मी मागे. तो टाय लावलेला मुलगा विचारत होता आणि टाइप करत होता. उंची, डोळे, वजन. तू इतकी सहज म्हणालीस, "सव्वाशे," जणू कुणी वेळ विचारली होती. मग मी खिडकीशी गेले. त्याच वर्षी मार्चमध्ये शाळेच्या नर्सनं जिममध्ये रांग लावून सगळ्यांची वजनं मोठ्यांदा पुकारली होती. माझं पुकारलं, "एकशे एकोणपन्नास," आणि मागून कुणीतरी गाईसारखं हंबरलं. ते हंबरणं माझ्या कानात होतं, व्होनी. त्या मुलानं विचारलं, वजन? मी म्हटलं, "सव्वाशे." मी तुझ्याहून चार इंच उंच, खांदे डॅडसारखे. त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि टाइप केलं. मी माझं वजन सांगितलंच नव्हतं. मी तुझं सांगितलं होतं.

म्हणजे तेरा वर्षं मी परत ज्या घरी निघालेय, ते माझं कधी नव्हतंच. हे मला ठाऊक होतं, दर गुरुवारी ठाऊक होतं. आकडा बदलता येतो, त्याला एक पिवळा फॉर्म आहे. पण त्यात कारण लिहायचं असतं आणि ते सगळ्यांसमोर वाचून दाखवायचं असतं. काय वाचू? की मी सोळाव्या वर्षी खोटं बोलले आणि एकावन्नाव्या वर्षी त्यावर सही घेतली? दर वर्षी वाटायचं, पुढच्या वर्षी सांगेन. जितका उशीर तितकं सांगणं अवघड. दरम्यान पर्ल माझ्या भरवशावर बसली. तिची साखर इतकी वाढलेली की डॉक्टरांनी पायाची भीती घातली होती. ती मला म्हणायची, "अर्डिस, तू चाळीस वर्षांनी परत जाऊ शकतेस तर माझं काय बिघडलंय?" आणि तिनं साठ पौंड उतरवले. आज ती स्वतःच्या पायांवर चालते. तिला मी आता काय सांगू की मी कुठं परत जातच नव्हते?

मी एकशे साठपर्यंत सुखानं उतरले. दीडशेला माझं शरीर अडून बसलं, गोठ्यातून निघायला नको असलेल्या गाईसारखं. चार वर्षं मी त्या दीडशेपाशी कासव लावून घेत होते. मग मी शरीराचं ऐकणंच सोडून दिलं. तुझ्या जेनाच्या लग्नात तू विचारलंस, अगं, जेवत का नाहीस, मी म्हटलं दाढ दुखतेय. दाढ नव्हती दुखत. नाताळात मी बटाट्याच्या पातळ पोळ्या, शंभर लेफ्से लाटते, आईच्याच खाचेच्या लाटण्यानं, आणि एकही खात नाही. लोणी-साखर लावून गुंडाळी करून सगळ्यांच्या हातात देते आणि बोटंसुद्धा चाटत नाही, धुऊन टाकते. ड्वेन बिचारा मांस-बटाट्याची हॉटडिश टीव्हीसमोर बसून खातो, म्हणजे मला वास नको. परवा म्हणाला, "चाळीस वर्षांपूर्वी मी एका दणकट बाईशी लग्न केलं होतं. ती कुठं गेली, तुला काही कल्पना?" मी म्हटलं, येईल. पण त्यानं ते विनोदानं विचारलं नव्हतं.

आता मी एकशे एकतीसवर आहे. सहा पौंड उरलेत. ऑक्टोबरमध्ये कोठीत डोळ्यांपुढे अंधारी येऊन पडले. मनगट थोडक्यात वाचलं. नवीन डॉक्टर आहे इथं, नूर नावाची, सोमाली आहे, आपल्याच शाळेत शिकलेली. माझ्या ग्रंथालयातून एका वेळी सहा पुस्तकं न्यायची. तिनं हाडांचे फोटो समोर धरले. "मिसेस टॉलेफसन, हाडं विरळ व्हायला लागलीत. तुमच्या उंचीला हा आकडा कुणी काढून दिला?" मी म्हटलं, डॉक्टर हेगन यांची सही आहे. ती म्हणाली, "सही राहू दे. तुम्ही स्वतः कधी या वजनाच्या होतात का?" आणि व्होनी, मी त्या पोरीच्या तोंडाकडे बघून म्हटलं, हो, सोळाव्या वर्षी. ती म्हणाली, "तुम्ही म्हणता म्हणून. नाहीतर मी सांगितलं असतं की दीडशे हीच तुमची जागा, त्याखाली एक पौंडही नको." दीडशे. नर्सनं पुकारलं होतं त्याहून एक जास्त. माझं शरीर चार वर्षं तेच सांगत बसलं होतं.

तरी मी गुरुवारी गेलेच. बेव्हनं माझ्यासाठी पुठ्ठ्याचा मुकुट करून ठेवलाय, सोनेरी कागद लावून. आकडा गाठला की मुकुट घालतात आणि भिंतीवर त्या वजनाचा जुना फोटो लावतात, डोक्यापासून पायापर्यंतचा. ती म्हणाली, "एकाहत्तरचा एखादा आण ना शोधून, पर्लला बघायचाय." मी दोन दिवस आईच्या बुटांच्या खोक्यातले फोटो चाळले. एकात तू पुढे आहेस, मी तुझ्या मागे. एकात मी वासराच्या मागे. एकात गाडीचं दार उघडं आणि दारामागून माझं डोकं तेवढं दिसतंय. सोळाव्या वर्षाची अख्खी मी एकाही फोटोत नाही. खोकं बंद केलं आणि तेवढ्यात तुझा फोन आला. तो रविवारचा.

तू हसत हसत सांगत होतीस की ॲरिझोनात कायमचं राहायचं ठरलं म्हणून तिकडचं लायसन्स काढलंस. खिडकीतल्या मुलीनं विचारलं, वजन तेच ठेवू का? तू म्हणालीस, "ठेव गं, एकाहत्तर सालापासून तेच आहे. तेव्हाही खोटं होतं, आताही खोटंच आहे." मी विचारलं, तेव्हा खोटं कसं? तू म्हणालीस, "अगं, मी तेव्हा एकशे त्रेचाळीस होते. पण मागे तू उभी होतीस ना कान टवकारून. धाकटीसमोर खरा आकडा सांगणार होते होय?" आणि तू खो खो हसलीस. मी पण हसले. मग दुधाचं सांगून फोन ठेवला आणि तशीच स्वयंपाकघरात जमिनीवर बसले. आधी तुझा राग आला. मग तुझ्यावर इतकी माया आली की रडू फुटलं. तूही घाबरली होतीस, तेही माझ्यामुळे. दोन शेतकरी पोरी एका खिडकीपुढे उभ्या, एक मागचीला घाबरून खोटं बोलतेय आणि दुसरी पुढचीवर विश्वास ठेवून तेच बोलतेय. सव्वाशे पौंडांचं माणूस त्या खोलीत नव्हतंच.

काल तळघरात जाऊन बेव्हच्या खणातून मी पिवळा फॉर्म आणलाय. समोर आहे. नाव लिहून झालंय. कारणाच्या रकान्यापुढे हात चालत नाही आणि नव्या आकड्यापुढे तर मुळीच नाही. दीडशे डॉक्टरचे, एकशे एकोणपन्नास हंबरणाऱ्या पोराचे, सव्वाशे कुणाचेच नाहीत. माझे कुठले, ते मला सांगता येत नाही. म्हणून हे पत्र. फोन करणार नाही, फोनवर आपण दोघी फार सफाईनं खोटं बोलतो. आई-डॅड गेले, मला तेव्हा अख्खी पाहिलेलं माणूस आता एकच उरलंय. लायसन्सच्या आदल्या रविवारी आपण तळ्यावर गेलो होतो, तुला आठवेल. बाकीच्या गेल्यावर मी धक्क्यावरून उडी मारली, आणि तू आधीच पाण्यात होतीस, माझ्याकडे तोंड करून. मला आकडा नको, व्होनी. मी कशी दिसत होते ते लिही. जाड होते तर जाड लिही, माया दाखवू नकोस. पत्र तुला पोचेपर्यंत गुरुवार होऊन गेलेला असेल, आणि मी त्या पातळ झग्यात, चष्मा काढून, परत एकदा काट्यावर उभी राहिलेली असेन. पुढच्या गुरुवारच्या आत लिही. तोवर फॉर्म ब्रेडच्या डब्याखाली ठेवते. त्या डब्याकडे माझा हात सहसा जात नाही.

त्या खिडकीपाशी तुझ्या मागे उभी असलेली,
तुझीच
अर्डिस